अंगाला लावायच्या वस्तूंचे टेबल : खान्देशातल्या प्रदर्शनासाठी पहिली मांडणी

घरी तयार केलेला साबण, उटणे, लिप बाम किंवा टाचांना लावायचा बाम घेऊन जी मंडळी पहिल्यांदाच एखाद्या प्रदर्शनात टेबल लावणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पापड, शेवया किंवा गोधड्या विकणाऱ्या ताईंपेक्षा आपले काम एका बाबतीत अवघड आहे. पापड भाजून चव देता येते, गोधडी उलटी करून तिचे टाके दाखवता येतात, पण साबणाचा गुण चार-आठ दिवस अंगाला लावल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे आपल्याकडे येणारी बाई वस्तू पारखण्याआधी टेबल पारखते. कापड स्वच्छ आहे का, डब्यावर काय घातले आहे ते लिहिले आहे का, विचारल्यावर समोरची व्यक्ती नीट सांगते का, एवढे ती पाहते आणि त्यावरून ठरवते की ही वस्तू आपल्या आणि आपल्या लेकरांच्या अंगाला लावावी की नाही. जळगाव, धुळे आणि भुसावळ येथील प्रदर्शनांत टेबल लावताना मला जे शिकायला मिळाले, ते पुढे क्रमाने दिले आहे.

मांडणीच्या आधीचे काम : परवाना आणि लेबल

हा भाग रुक्ष वाटेल, तरीही तो पहिला आहे. साबण, क्रीम, बाम आणि उटणे ही कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधने आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी असे उत्पादन करायचे असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, मग ते उत्पादन मोठ्या कारखान्यात होवो की घराच्या मागच्या खोलीत. स्वतःची जागा त्या निकषांत बसत नसेल, तर परवानाधारक कारखान्याच्या जागेत आपला माल बनवून घेण्यासाठी लोन लायसन्स घेता येते. नवख्या माणसाने याची चौकशी आपल्या जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात करावी. बचत गटातील महिलांनी ‘उमेद’ अभियानाच्या किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या आपल्या भागातील कार्यकर्त्यांना विचारावे, कारण एकाच परवान्याखाली अनेकींचा माल बनवण्याचा मार्ग गटाला एकटीपेक्षा सोपा पडतो.

लेबलावर वस्तूचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे ती तारीख, निव्वळ वजन आणि घटकांची यादी असावी. घटक जास्त प्रमाणातील आधी आणि कमी प्रमाणातील नंतर, या क्रमाने लिहावे लागतात. ६० मिलिलीटरपेक्षा कमी द्रव किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी घन पदार्थ असलेल्या लहान पॅकिंगला घटकांच्या यादीतून सूट आहे, परंतु माझे मत विचाराल तर लिप बामच्या इवल्याशा डबीसाठीही ती यादी वेगळ्या कार्डावर छापून टेबलावर ठेवावी. शेंगदाण्याच्या तेलाची ॲलर्जी असलेल्या माणसाला वजनावरून सूट मिळत नाही. याखेरीज आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्काचा तपशील लिहावा लागतो.

वजनाबाबत नवख्यांची एक चूक नेहमी होते. थंड पद्धतीने, म्हणजे बाहेरून उष्णता देऊन न शिजवता केलेला साबण वड्या कापल्यानंतर चार ते सहा आठवडे सुकवावा लागतो आणि त्या काळात त्यातील पाणी उडून वडीचे वजन घटते. कापताना १०० ग्रॅम भरलेली वडी विक्रीच्या दिवशी १०० ग्रॅम भरत नाही. म्हणून वजन सुकल्यानंतर करावे आणि तेच छापावे.

लेबलाची शाई हाही स्वतंत्र विषय आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी घरच्या इंकजेट प्रिंटरवर लेबले छापली होती. दुपारी डबीच्या झाकणातून तेलाचा एक थेंब पाझरला आणि ‘वापरण्याची अंतिम तारीख’ ही ओळच पसरून गेली. एका काकूंनी ती डबी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि काहीही न बोलता परत ठेवली. तेव्हापासून मी लेबले लेझर प्रिंटवर काढून घेते आणि त्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावते.

कोणते प्रदर्शन, कोणती जागा

खान्देशात वर्षभर काही ना काही भरत असते, पण प्रत्येक गर्दी आपली नसते. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे थंडीत भरते. अमळनेरची संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरते. यात्रेतला माणूस देवदर्शनाला, खेळण्यांना आणि खाण्याला आलेला असतो, त्याच्या हातात वेळ कमी आणि पिशव्या जास्त असतात. बचत गटांची प्रदर्शने, महाविद्यालयातील किंवा एखाद्या मंडळाची दिवाळीपूर्व विक्री येथे मात्र बायका सावकाश फिरतात, विचारतात, वास घेतात. नवख्यांनी सुरुवात दिवाळीच्या आधीच्या प्रदर्शनापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. अभ्यंगस्नानासाठी उटणे आणि साबण घेण्याचा तो काळ असतो आणि हवाही उतरलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४४ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बाम घेऊन उघड्या मैदानावर बसू नये.

नोंदणी करताना आयोजकांना चार गोष्टी विचाराव्यात : टेबलाचे माप काय, वर मांडव आहे की उघडे, विजेचा पॉइंट मिळेल का, आणि शेजारी कोण आहे. शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण आपल्यासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. आपल्याकडच्या प्रदर्शनात भरीत-पुरी, शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचे स्टॉल असणारच. शेजारी मिरचीची फोडणी बसू लागली की गुलाबाच्या आणि वाळ्याच्या साबणाचा वास कोणालाही येणार नाही, शिवाय कागदाच्या वेष्टनात तो धूर बसतो. खाद्यपदार्थांच्या ओळीपासून दूर, शक्यतो कपडे किंवा दागिन्यांच्या ओळीत जागा मागावी.

दिशेचाही विचार करावा. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या स्टॉलच्या समोरच्या कडेवर थेट ऊन येत नाही. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारी तीननंतर पहिली ओळ उन्हात जाते आणि बामच्या डब्या मऊ पडू लागतात. निवड आपल्या हातात नसेल, तर पडद्यासाठी एक जुने जाड कापड आणि चार क्लिपा बरोबर न्याव्यात.

घरी एकदा पूर्ण मांडून पाहणे

आयोजक बहुधा सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असे टेबल देतात. तेवढे माप घरी जमिनीवर खडूने आखावे किंवा दिवाणावर दोरीने बांधून घ्यावे आणि सगळा माल त्यावर एकदा मांडून पाहावा. पाच पावले मागे जाऊन दाराच्या उंबऱ्यावरून पाहावे. तेवढ्या अंतरावरून आपण काय विकतो ते कळले नाही, तर मांडणी बदलावी. समाधान झाल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे सकाळच्या घाईत विचार करत बसावे लागत नाही. ही रंगीत तालीम मी अजूनही प्रत्येक प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी करते, आणि दर वेळी काहीतरी राहिलेले सापडते.

कापड

मांडवातले टेबल बहुधा गंजलेल्या पायांचे किंवा डाग पडलेल्या फळीचे असते, आणि खाली आपल्या पिशव्या, खोके, डबा असे सगळे असते. ते झाकले गेले पाहिजे. टेबलाची उंची साधारण अडीच फूट धरली, तर पुढची आणि दोन्ही बाजूंची झालर जमिनीपर्यंत येण्यासाठी ११ फूट लांब आणि किमान ५ फूट रुंद कापड लागते. घरातली डबल बेडची चादर साडेसात फूट बाय नऊ फूट असते. ती पुढून जमिनीला टेकते, पण दोन्ही बाजूंना एकेक फूट अपुरी पडते आणि तिथूनच नेमके सामान दिसते. यावर स्वस्त उपाय म्हणजे जुनी सुती साडी. साडेपाच मीटरची साडी म्हणजे १८ फूट; टेबलाच्या पुढची आणि दोन बाजूंची मिळून लांबी ११ फूट. उरलेल्या सात फुटांत सुरेख चुण्या घालता येतात. वरची कड आत दुमडून टेबलाच्या कडेला क्लिपांनी पकडावी आणि त्यावर एक साधे सपाट कापड अंथरावे.

रंगाबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे. पांढरे कापड फोटोत छान दिसते, पण आपल्या भागातील काळ्या मातीची धूळ अर्ध्या तासात त्यावर उमटते आणि अंगाला लावायच्या वस्तूंच्या टेबलावर धूळ दिसणे परवडत नाही. पूर्ण काळे कापड उटण्याची पांढुरकी पूड आणि साबणाचा चुरा दाखवते. मातकट, गडद हिरवा किंवा निळसर राखाडी रंग उत्तम. नक्षी नसावी, कारण नक्षीवर लहान डब्या हरवतात. साडी चालेल, पण जरीची नको. कापडाला आदल्या रात्री इस्त्री करून ते घडी न घालता गुंडाळून न्यावे.

उंची देणे

सगळ्या वस्तू सपाट मांडल्या की टेबल भाजीच्या वाट्यांसारखे दिसते आणि मागच्या रांगेतील माल समोरून दिसतच नाही. मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा आठ ते दहा इंच वर आणि मधली चार ते पाच इंच वर ठेवली, की उभ्या माणसाच्या नजरेत तिन्ही रांगा येतात. यासाठी विकतचे स्टँड लागत नाहीत. फळांच्या लाकडी पेट्या धुऊन, घासकागद मारून उलट्या ठेवाव्यात. वरच्या कापडाखाली दोन विटा सरकवाव्यात. घरातले पाट वापरावेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत विणलेल्या बांबूच्या टोपल्या, सुपे आणि लहान दुरड्या मिळतात, त्या आपल्या मालाला फार शोभतात. मात्र त्यांचे कुसळ साबणाच्या वडीत रुततात, म्हणून आत केळीचे सुकलेले पान किंवा जाड कागद घालावा. केळीच्या खोडाच्या धाग्याची दोरी मिळाली, तर वड्यांच्या जुडग्यांना ती बांधावी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्या केळीच्या बागेतला धागा टेबलावर असणे हे आपण कुठले आहोत ते न बोलता सांगते.

एक सावधगिरी सांगते. मी एकदा मध्यभागी चौरंग ठेवून त्यावर लाल खण अंथरला आणि वर उटण्याच्या पुड्या रचल्या. दिसायला ती मांडणी सुंदर होती, पण दोन तासांत कोणीही त्या पुड्यांना हात लावला नाही. चौरंगावर लाल कापड म्हणजे पूजा, आणि पूजेच्या वस्तूला पायात चपला असताना आपल्याकडच्या बायका हात लावत नाहीत. कापड काढून चौरंग कोराच ठेवला, तेव्हा लोक पुड्या उचलू लागले. मांडणी सुंदर असण्याबरोबर हात लावावासा वाटेल अशीही असली पाहिजे.

वस्तूंचे गट वासाप्रमाणे न करता उपयोगाप्रमाणे करावेत : आंघोळीच्या वस्तू एकीकडे, चेहऱ्याच्या मधे, हात-पाय-ओठांच्या दुसरीकडे. प्रत्येक प्रकाराचे सहा ते आठ नग वर ठेवावेत, बाकी खाली खोक्यात. दोनच नग ठेवले तर माल संपत आल्यासारखा वाटतो आणि चाळीस ठेवले तर कोणी एक उचलताना दहा घरंगळतात. मध्यभागी एक हात रुंदीची मोकळी जागा राखावी. ती नमुने दाखवण्यासाठी आणि ग्राहकाने आपली पर्स टेकवण्यासाठी असते. पर्स टेकली की माणूस थांबतो.

ऊन आणि धूळ

आपला माल कोणत्या उष्णतेला टिकतो ते आपल्यालाच माहीत असले पाहिजे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, कोको बटर ३४ ते ३८ अंशांना आणि खोबरेल २४-२५ अंशांनाच. म्हणजे बाम टिकतो तो मेणाच्या जोरावर. एक भाग मेण आणि चार भाग तेल हे प्रमाण थंडीत ठीक चालते. होळीनंतरच्या मालासाठी मी एका भागाला तीनच भाग तेल घेते. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी एक भरलेली डबी भर दुपारी गच्चीवर कापडाखाली दोन तास ठेवून पाहावी. झाकण उघडल्यावर पृष्ठभागावर तेल तरंगत असेल, तर तो माल नेऊ नये. गाडीच्या डिकीत तर काहीच ठेवून जाऊ नये.

टेबलावर बामच्या सहा डब्या, बाकीच्या थर्मोकोलच्या पेटीत, बर्फाच्या पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून. दर दोन तासांनी वरच्या डब्या खाली आणि खालच्या वर कराव्यात.

खोबरेलाच्या बाटल्यांबाबत एक हमखास प्रसंग घडतो. डिसेंबरात सकाळी दहा वाजता बाटलीत पांढरा घट्ट गोळा असतो, अकराला कडेने सुटू लागतो आणि एक वाजता सगळे पाण्यासारखे पातळ. सकाळी पाहून गेलेली बाई दुपारी परत येते आणि तिला वाटते की बाटली बदलली. याचा राग मानू नये. एका कार्डावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे : ‘खोबरेल २५ अंशांखाली गोठते आणि त्यावर पातळ होते. यात तेलाखेरीज काही नाही.’ हे कार्ड ठेवल्यापासून माझ्याकडे संशयाऐवजी गप्पा सुरू होतात, कारण घरच्या खोबरेलाचे असेच होते हे प्रत्येकीला ठाऊक असते.

धुळीसाठी दर तासाला कोरड्या मऊ कापडाने डब्यांची झाकणे पुसावीत. ओल्या कापडाने पुसल्यास चिखल होतो. जेवायला किंवा शेजारी जाताना सगळ्या मालावर मलमलचे पातळ कापड टाकावे. साबणाच्या उघड्या वड्या वास घेण्यासाठी प्रत्येक प्रकाराची एकच ठेवावी. बाकी बटर पेपरमध्ये गुंडाळून वर कागदी पट्टी लावलेल्या असाव्यात. वर्तमानपत्राचा कागद अंगाला लावायच्या वस्तूला कधीही गुंडाळू नये, त्याची शाई सुटते.

पाट्या आणि किमती

किंमत विचारायला लागली की निम्मे लोक विचारतच नाहीत, पुढे जातात. प्रत्येक गटापुढे एक उभे कार्ड असावे आणि त्यावर तीनच ओळी : वस्तूचे नाव, ती कशासाठी, किंमत. आकडे एक इंच उंचीचे असावेत, म्हणजे चष्मा घरी विसरलेल्या आजींनाही दिसतील. भाषा मराठीच ठेवावी. इंग्रजी नावांनी माल शहरी वाटतो हा समज मला पटत नाही. समोरची बाई वाचू शकत नसेल तर ती विश्वास कशावर ठेवणार?

पाट्यांवर काय लिहू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘पायांच्या भेगा बऱ्या करतो’, ‘खरूज-नायटा घालवतो’, ‘कोडावर गुणकारी’ अशी वाक्ये सौंदर्यप्रसाधनावर लिहिता येत नाहीत. रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू औषध ठरते आणि तिला वेगळा परवाना लागतो; कोडासारख्या विकारांवर उपायाची जाहिरात करण्यास तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मनाई आहे. ‘टाचा मऊ ठेवण्यासाठी’, ‘कोरड्या त्वचेला ओलावा’, ‘आंघोळीसाठी’ एवढेच लिहावे. ‘सात दिवसांत गोरेपणा’ हे वाक्य कायद्याच्या आधी आपल्या मनाला टोचले पाहिजे. उन्हात राबणाऱ्या बायकांच्या प्रदेशात त्यांच्या रंगाला कमी लेखून साबण विकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नमुने आणि हात धुण्याची सोय

टेबलाचा खरा जिवंत भाग हाच, आणि नवखे लोक याचीच सर्वांत कमी तयारी करतात. बामच्या नमुन्याच्या डबीत कोणालाही बोट घालू देऊ नये. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ पिशवीत ठेवाव्यात, एका काडीने थोडासा बाम ग्राहकाच्या मनगटावर लावावा आणि ती काडी त्याच्या डोळ्यांदेखत टाकून द्यावी. तेलासाठी ड्रॉपरची बाटली. लिप बाम ओठांना लावून दाखवू नये, हाताच्या पाठीवर लावावा. प्रत्येक नमुन्यावर ‘नमुना’ असे लिहून तो उघडल्याची तारीख टाकावी.

साबणासाठी मी एक पसरट घमेले, पाण्याचा तांब्या, साबणाची एक वडी आणि पाच-सहा धुतलेले पंचे ठेवते. ग्राहकाला हात पुढे करायला सांगते आणि स्वतः पाणी घालते. येथे पाण्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन साका तयार होतो आणि फेस कमी येतो. घरी केलेला साबण हा डिटर्जंट नसून खरा साबण असल्यामुळे त्याला हा गुणधर्म चुकत नाही. त्यामुळे काही जण प्रात्यक्षिकासाठी फिल्टरचे पाणी नेतात आणि भरघोस फेस काढून दाखवतात. असे करू नये. मैदानावरच्या नळाचे किंवा टँकरचे पाणी वापरावे आणि सांगावे की जड पाण्यात फेस कमी येईल, पण हात कसे वाटतात ते पाहा. केळीच्या बागेत काम करणारे एक भाऊ एकदा बायकोसोबत आले होते. केळीच्या चिकाने त्यांची बोटे काळी पडली होती. त्यांनी स्वतःच विचारले, की हा डाग निघेल का. मी नाही म्हटले, चिकाचा जुना डाग साबणाने निघत नाही. त्यांनी तरीही हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून पाहिले, नखांच्या कडांना पडलेल्या चिरा अंगठ्याने चाचपल्या आणि तीन वड्या घेतल्या.

ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांना घरी जाऊन हाताच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून २४ तास थांबायला सांगावे. तान्ह्या बाळासाठी कोणी मागितले, तर आधी डॉक्टरांना विचारा असे सांगावे, विक्री गेली तरी चालेल.

उभे राहणे आणि बोलणे

टेबलामागे खाली खुर्चीत बसून मोबाइल पाहणाऱ्या माणसाकडे कोणी येत नाही. उंच स्टूल मिळाल्यास बसल्या-बसल्याही नजर ग्राहकाच्या पातळीवर राहते, नाहीतर उभे राहावे. कोणी थांबले की लगेच माहिती सांगायला सुरुवात करू नये. वडी उचलून नाकाशी नेण्याएवढा वेळ द्यावा. मग त्यांच्याच बोलीत बोलावे. ‘हाई काय शे?’ (हे काय आहे?) असे खान्देशच्या अहिराणी बोलीत विचारणाऱ्या मावशींना पुस्तकी मराठीत उत्तर दिले तर अंतर पडते, आणि अहिराणी येत असून न बोलणे तर मला अवमानासारखे वाटते. काय घातले आहे, कुठे बनवले, किती दिवस टिकेल, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी एका वाक्यात तयार असावीत. बरोबर मदतीला नणंद, जाऊ किंवा मुलगी असेल, तर तिलाही तीच उत्तरे माहीत असावीत. दोघींनी वेगवेगळे सांगितले की ऐकणारी माघार घेते.

घासाघीस होईलच. एका वडीची किंमत कमी न करता तीन वड्यांचा गट थोड्या सवलतीत द्यावा आणि तो भाव पाटीवरच लिहावा, म्हणजे बोलकी बाई आणि बुजरी बाई दोघींना एकच भाव मिळतो.

पैसे आणि किरकोळ सामान

क्यूआर कोड टेबलाच्या डाव्या किंवा उजव्या टोकाला, पैसे घेणाऱ्याच्या बाजूला उभा ठेवावा. गर्दी वाढली की मैदानावर नेटवर्क जाते, म्हणून दहाच्या वीस-पंचवीस आणि वीस व पन्नासच्या दहा-दहा नोटा बरोबर असाव्यात. एका पेटीत कात्री, सुतळी, चिकटपट्टी, क्लिपा, पेन, पावतीपुस्तक, पॉवर बँक, एक्स्टेन्शन बोर्ड, कोरी कार्डे, कागदी पिशव्या आणि पिण्याचे पाणी भरून ठेवावे. संध्याकाळसाठी एक पिवळसर एलईडी दिवा न्यावा. पांढऱ्या कडक प्रकाशात हळदीचे उटणे फिकट दिसते. दिवा डब्यांपासून एक हात तरी दूर असावा.

आवरताना

शेवटचा तास घाईचा असतो आणि चुका त्यातच होतात. उघडलेले नमुने, वास घेण्यासाठी ठेवलेल्या वड्या आणि एकदा मऊ पडून पुन्हा घट्ट झालेला बाम वेगळ्या पिशवीत भरावा आणि त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहावे. तो माल घरी वापरावा, पुढच्या प्रदर्शनात नेऊ नये. उरलेल्या मालाची मोजणी तिथेच, टेबलावरच करावी. वहीत तीन गोष्टी टिपाव्यात : काय विकले गेले, काय हातात घेऊन परत ठेवले गेले आणि कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. दुसऱ्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. परत ठेवलेल्या वस्तूची किंमत, वास किंवा लेबल यांपैकी काहीतरी अडलेले असते. तिसऱ्या नोंदीतून पुढच्या वेळचे कार्ड तयार होते; माझे खोबरेलाचे कार्ड असेच तयार झाले. घरी आल्यावर टोपल्या झटकून उन्हात ठेवाव्यात, पंचे आणि साडी धुवावी, आणि क्लिपा मोजून त्याच पेटीत परत टाकाव्यात.